चूल, शेण आणि निळी ज्योत

आपल्या महिला मंडळास यंदा पंचवीस वर्षे पुरी होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी "तुम्ही काहीतरी जुन्यापुराण्याबद्दल लिहा" असे अध्यक्षबाईंनी मला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. मी काही लेखिका नव्हे. इतिहास म्हटला की आम्हांला शाळेत राजे, किल्ले व लढाया शिकविल्या, आणि त्यांतले मला आता फारसे आठवतही नाही. परंतु एका गोष्टीचा इतिहास मात्र मी तीस वर्षे रोज पहाटे हाताळीत आले आहे, तो म्हणजे चुलीचा. त्यावरच चार शब्द लिहावे असे ठरविले. ग्रंथालयातील पुस्तके चाळली, जाणत्या माणसांना विचारले, आणि कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने जे वाचून दाखविले ते उतरवून घेतले. भगिनींनी चूकभूल पोटात घालावी.

हा विषय सुचण्यास एक कारण झाले. मागील वर्षी आपल्या हळदीकुंकवाच्या समारंभास मुंबईहून एक विद्वान पाहुण्या आल्या होत्या. त्यांनी फार कळकळीचे भाषण केले. जगाची हवा तापत आहे, कोळसा व खनिज तेल जाळल्याने कार्बनचा वायू वाढत आहे, आणि याला श्रीमंत देशांची राहणी कारण आहे, असे त्यांनी सांगितले. ते खरेच आहे. आपल्या देशात दर माणशी वर्षाला सुमारे २ टन कार्बनचा वायू निघतो, साऱ्या जगाची सरासरी याच्या दुपटीहून अधिक आहे, आणि अमेरिकेत हाच आकडा १४ टनांच्या घरात जातो. पुढे त्या बाई म्हणाल्या, "तुमच्या आजीची राहणी हीच खरी आदर्श राहणी. चूल, शेण्या, पत्रावळी! आपण साऱ्यांनी तिकडे परत वळले पाहिजे." आम्ही टाळ्या वाजविल्या. आमच्या सासूबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना दम्यासारखा विकार आहे, बोलताना धाप लागते. त्या हळूच म्हणाल्या, "बाये, चार दीस चुलीफुडे बस, मगे सांग."

पाहुण्यांना ते ऐकू गेले नाही, पण माझ्या मनातून ते शब्द जाईनात. पाहुण्या खोटे बोलत नव्हत्या आणि सासूबाईही खोटे बोलत नव्हत्या. मग दोघींचे खरे कसे, याचा शोध घेता घेता हा लेख तयार झाला.

आमच्या सिंधुदुर्गात चुलीचे वर्ष होळीनंतर सुरू होते. पावसाचे चार महिने सुके जळण मिळावयाचे नाही, म्हणून चैत्र-वैशाखात सारे जमवून ठेवावयाचे. रानातून काटक्यांचे भारे आणावयाचे, माडाची चुडते वाळवावयाची, नारळाची सोडणे आणि करवंट्या पडवीत रचावयाच्या, काजूच्या व आंब्याच्या फांद्या तोडून मांगरात लावावयाच्या. शेणी तर रोजच्याच. गोठा झाडला की पाटीभर शेण घेऊन खळ्याच्या कडेला थापावयाचे, उन्हे लागली की उलटावयाचे, वाळल्या की रचावयाचे. माझी आई सांगे की लग्न होऊन आल्या वर्षी तिच्या डोक्यावर पहिला भारा आला, त्या वेळी ती पंधरा वर्षांची होती. घरातील पुरुषमाणसांनी झाड तोडून द्यावे एवढेच त्यांचे काम. पुढले सारे बायकांकडे.

या राहणीत वाया काही जात नसे हे मात्र खरे. राखेने भांडी घासावयाची, तीच राख वेलांच्या मुळाशी घालावयाची, वाल-कुळीथ साठविताना त्यांना चोळावयाची. चुलीवरच्या माळीवर कोकमे, सुकी मासळी, बियाण्याची कणसे ठेवावयाची. धुराने त्यांना कीड लागत नसे. भात शिजून उतरले की निखाऱ्यावर दूध तापत राही. न्हाणीच्या चुलीत पातेरा व सोडणे जाळून सगळ्यांची आंघोळ होई. मागल्या वैलावर पेजेचे मडके सकाळपासून दुपारपर्यंत बसलेले असे. पाहुण्यांनी ज्याचे कौतुक केले ते हेच.

परंतु याच चुलीची दुसरी बाजू कोणी लिहीत नाही. शास्त्रज्ञांनी मोजले आहे की तीन दगडांच्या किंवा साध्या मातीच्या चुलीत जाळलेल्या लाकडाची शंभर हिश्श्यांतील दहाएक हिस्सेच उष्णता भांड्याला लागते. बाकीची भिंतीला, छपराला आणि बाईच्या तोंडाला. १९८१ साली कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर गुजरातेतील काही खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर यंत्रे लावून त्या किती धूर ओढतात हे प्रथमच मोजले. मोठमोठ्या शहरांच्या रस्त्यांवर जी हवा घातक ठरली असती तिच्या कितीतरी पट वाईट हवा त्या बायका रोज दोन्ही वेळा छातीत घेत होत्या. त्यापूर्वी प्रदूषण म्हणजे कारखान्याचे धुराडे, असेच सर्वांना वाटे. आज जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की घरातल्या चुलीच्या धुरामुळे जगात दर वर्षी सुमारे तीस लाख माणसे अकाली मरतात, आणि त्यांतली बहुतेक गरीब देशांतली असतात. आमच्या सासूबाईंनी कधी विडी ओढली नाही. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून पहिला प्रश्न मात्र विडीचाच विचारला.

चुलीवर तोड म्हणून पहिल्याने स्टोव्ह आला. स्वीडन देशातील लिंडक्विस्ट नावाच्या कारागिराने १८९२ च्या सुमारास हवा भरावयाचा, काजळी न धरणारा स्टोव्ह केला आणि त्याचे 'प्रायमस' हे नाव आपल्याकडे घरोघर झाले. मुंबईच्या चाळींतून ज्या बायका एका खोलीत संसार करीत त्यांना तो वरदानच वाटला. कोकणात तो पोचला चाकरमान्यांच्या ट्रंकेतून. माझे वडील गिरणीत होते. १९८२ चा संप झाला आणि वर्षभराने ते कायमचे गावी आले, तेव्हा त्यांच्या सामानात एक पितळी स्टोव्ह, त्याच्या पिनांची डबी आणि एक घड्याळ होते. स्टोव्ह आईने चार महिने फडताळात ठेवला, कारण रॉकेल रेशनवर मिळे ते दिव्यालाच पुरत नसे. पाहुणे आले म्हणजे तो पेटवावयाचा, चहा करावयाचा, की लगेच विझवावयाचा. स्टोव्हच्या भडक्याने भाजून किती लेकीसुना गेल्या, आणि त्यांतल्या किती खरोखर भडक्यानेच गेल्या, हाही एक इतिहासच आहे. तो येथे लिहीत नाही.

चूल तीच ठेवून तिचा धूर तेवढा घालवावा, असा विचार वर्ध्याला निघाला. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापिला. त्याचे काम मगनवाडीत चाले व ते जे. सी. कुमारप्पा यांनी पाहिले. कुमारप्पा विलायतेत व अमेरिकेत शिकलेले हिशेबतपासनीस. त्यांनी तेल, मगनदीप, धूरविरहित मगनचूल, घाणी, हातकागद अशा नाना गोष्टींचे प्रयोग केले. १९४२ च्या चळवळीत तुरुंगात गेल्यावर त्यांनी जे पुस्तक लिहिले त्यात एक साधी गोष्ट सांगितली आहे. कोळसा, पेट्रोल, खनिजे यांचा साठा ठरलेला असतो, वापरला की संपतो. वाहते पाणी आणि वाढते रान यांचा ओघ चालू राहतो. माणसाने ओघावर जगावे, साठ्यावर जगू नये, असा त्यांचा सांगावा. कार्बनचे नाव तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हते. मला हे वाचून आमच्या मामंजींची आठवण झाली. कणगीतले भात खावे पण बियाण्याच्या मुडीला हात लावू नये, असे ते म्हणत.

पुढे १९५३ मध्ये हैदराबादच्या इंजिनिअरिंग प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी धुराड्याची, तीन भांड्यांची चूल काढली, आणि १९८३ नंतर तर सरकारने सुधारित चुलींची देशभर योजनाच काढली. वीस वर्षांत तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या. त्यांतली एक माझ्या माहेरी होती. मी पाच-सहा वर्षांची असेन. माणसे आली, सिमेंटचा पाईप छपरातून काढला, चूल लिंपली, फोटो काढून गेली. चुलीची तोंडे एका मापाची होती आणि आमचे पेजेचे मडके दुसऱ्या मापाचे. आईने आठ दिवस सोसले, मग कोयतीच्या पाठीने तोंड मोठे केले. पाईप काजळीने भरला, पहिल्या पावसात छपर गळू लागले, पाईप काढून टाकला, आणि राहिली ती पुन्हा पूर्वीचीच चूल. पुढे वाचले तर बहुतेक ठिकाणी हीच कथा. मला यात आईचा दोष दिसत नाही. चूल करणाराने मडके पाहून चूल करावी. मडके घेऊन बसणाऱ्या बाईस कोणी विचारलेच नाही.

आता शेणाकडे येते. या लेखाचे खरे पोट तेथे आहे.

शेण जाळावे की शेतात घालावे, हा गरीब घरातला जुना तंटा. जाळले तर खत जाते, न जाळले तर भात शिजत नाही. हा तंटा मिटविणारी युक्ती अशी की शेण हवाबंद टाकीत कुजू द्यावे. हवा नसली म्हणजे त्यात एक प्रकारचे सूक्ष्म जंतू वाढतात व ते शेणातून मिथेन नावाचा जळणारा वायू सोडतात. वायू नळीने स्वयंपाकघरात घ्यावा, आणि कुजलेले शेण दुसऱ्या तोंडाने बाहेर पडते ते खत म्हणून शेतात न्यावे. जाळण्याने जो नत्र धुरात गेला असता तो खतातच राहतो. एकाच शेणातून चूलही पेटली आणि शेतही पिकले.

आपल्या देशात याचा आरंभ मुंबईतच झाला, तोही महारोग्यांच्या आश्रमात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माटुंग्याच्या आश्रमात मैल्यापासून वायू करून तो उपयोगात आणला होता. ज्यांना गावाने बाहेर काढले त्यांच्या घरी हा दिवा प्रथम लागला, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते. त्यानंतर १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या शेतकी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणावर प्रयोग केले. पण शेतकऱ्याच्या परड्यात बसेल असे यंत्र केले ते जशभाई पटेल यांनी. १९५१ पासून त्यांनी खटपट केली, विटांची विहीर, तिच्यावर लोखंडी पिंप उपडे तरंगते ठेवलेले, वायू भरला की पिंप वर, संपला की खाली. त्यास त्यांनी 'ग्रामलक्ष्मी' असे नाव दिले. १९६० नंतर खादी ग्रामोद्योग कमिशनने हाच नमुना देशभर नेला. आमच्या खाऱ्या, दमट हवेत ते लोखंडी पिंप मात्र लवकर गंजे. दर वर्षी रंग लावणे कोणाला जमते?

कोकणाच्या वाट्याला या कामी एक थोर माणूस आला, तो म्हणजे अप्पासाहेब पटवर्धन. 'कोकणचे गांधी' म्हणून त्यांचे नाव आपण ऐकतो, पण त्यांनी काय केले हे पुष्कळांस ठाऊक नसते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम करण्याची परवानगी मागितली. ब्राह्मणाला ते काम देता येत नाही असे तुरुंगवाल्यांनी म्हटले. अप्पांनी अन्न कमी केले, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास आरंभिला, तेव्हा सरकार वाकले. याच अप्पांनी १९४८ साली कणकवलीस गोपुरी आश्रम काढला. मेलेल्या जनावराचे कातडे काढणे, मैल्याचे खत करणे, सोपा संडास, आणि १९५० नंतरच्या दशकात संडासास जोडलेला गोबरगॅस हे सारे त्यांनी तेथे स्वतःच्या हातांनी केले. मैला डोक्यावर वाहावयास कोणी माणूसच लागू नये, हा त्यांचा हेतू होता. म्हणजे आमच्याकडे गोबरगॅस हा आधी माणुसकीचा प्रश्न म्हणून आला, इंधनाचा म्हणून नंतर. पुढे देहूच्या सरकारी दवाखान्यात आलेले डॉक्टर मापुसकर यांनी त्याच वाटेने जाऊन संडासाच्या गॅसचा 'मलप्रभा' नमुना तयार केला. त्यांचे पहिले संडास फसले होते, तरी ते गाव सोडून गेले नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

१९७३ साली अरब देशांनी तेल महाग केले आणि सरकारास शेणाची किंमत कळली. १९८१ मध्ये गोबरगॅसची राष्ट्रीय योजना निघाली. तिकडे चीन देशात त्यापूर्वीच घुमटाच्या, लोखंड न लागणाऱ्या टाक्या लाखांनी बांधल्या होत्या. १९७८ च्या आसपास त्यांची संख्या ७० लाखांच्या घरात गेली. पण घाईने बांधलेल्या पुष्कळ टाक्या गळू लागल्या व बंद पडल्या. आपल्याकडे त्या घुमटावरून प्रथम 'जनता' आणि १९८४ मध्ये 'दीनबंधू' नमुना निघाला. नेपाळातले कामही सांगण्याजोगे आहे. तेथे पहिली टाकी १९५५ साली एका पाद्र्याने आपल्या शाळेच्या आवारात केली, आणि १९९२ पासून शिस्तीने काम चालून लाखांवर टाक्या झाल्या. नेपाळी लोकांनी हुशारी अशी केली की, बांधणारानेच टाकीची हमी घ्यावी व पुन्हा येऊन पाहावे, असा नियम ठेवला. २००५ च्या सुमारास तर या टाक्यांमुळे जो धूर झाला नाही त्याचे पैसे श्रीमंत देशांकडून त्यांना मिळू लागले. न केलेल्या धुराचे पैसे! हे मी सासूबाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या की, मग केलेल्या धुराचे पैसे कोणी द्यावयाचे?

आमच्या घरची टाकी मामंजींनी १९९६ साली बांधली, दोन घनमीटरची, दीनबंधू. मी १९९८ मध्ये लग्न होऊन आले. माहेरी मी फुंकणी सोडून काही पाहिले नव्हते. सासरी पहिल्या दिवशी नणंदेने चावी फिरविली, काडी लावली, आणि निळी ज्योत आली. डोळ्यांतून पाणी न येता चहा झाला. दोन घनमीटरला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच गुरे हवीत. आमच्याकडे दोन बैल, एक म्हैस, दोन गायी होत्या. शेण आणि पाणी सारखे घेऊन हाताने कालवावयाचे, गवताची काडी वेचून काढावयाची, आणि टाकीत सोडावयाचे. पाच माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक होई. अनुदानाचा शेवटचा हप्ता एका कचेरीत अडकला तो अडकलाच, मामंजी हेलपाटे घालून थकले. तरी गॅस चालला.

संडास टाकीस जोडावा असे मामंजींच्या मनात होते. गोपुरीला जाऊन त्यांनी पाहिलेही होते. सासूबाईंनी साफ नकार दिला. "त्या गॅसार मी देवाचो नैवेद्य करूंचंय नाय," असे म्हणून त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. मामंजींनी माघार घेतली. मला तेव्हा सासूबाईंचे पटले होते. आज विचाराल तर मी काय सांगेन मला ठाऊक नाही. वास येत नाही, जंतू मरतात, हे सारे वाचले आहे. पण हातपाय धुऊन देवापुढे दिवा लावणारे मन वाचून लगेच बदलत नाही, आणि अप्पासाहेबांना तर सारे कोकण समोर होते.

मग टाकी बंद का पडली? मामंजी २००९ साली गेले. आमचे हे गोव्यास कामास जाऊ लागले. नांगरटीस पॉवर टिलर आला, बैल विकले. म्हैस म्हातारी झाली. गुरे दोनावर आल्यावर गॅस चहापुरता येऊ लागला, एप्रिल-मेमध्ये विहीर खाली गेली की कालवावयास पाणी कोठले? एक दिवस मी शेण घातले नाही. दुसऱ्या दिवशीही घातले नाही. टाकीवर रान वाढले, आणि आम्ही पुन्हा चुलीपाशी आलो. सासूबाईंची छाती त्याच वर्षांत बिघडली. त्यांनी कधी तसे बोलून दाखविले नाही, पण दोष मी माझ्याकडे घेते. चूल पेटविणे त्यांनी आपल्याकडे ठेवले होते, कारण मी काजूच्या कारखान्यात जात असे, आणि टाकी बंद पडू देणारी मीच.

सिलिंडरचा गॅस मुंबईत १९५५ पासून मिळतो. आमच्या वाडीत बहुतेकींकडे तो २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर आला. त्याचे उपकार मी विसरणार नाही. परंतु २०२२ साली एक सिलिंडर हजार रुपयांच्या वर गेला, तेव्हा कारखान्यातल्या बायका जेवणाच्या सुट्टीत एकमेकींना विचारू लागल्या, "तुझो किती दीस पुरता?" पावसात सिलिंडर, उन्हाळ्यात चूल, चहाला सिलिंडर, भाताला चूल, असे वाटे झाले. हिशेबाच्या पुस्तकात मात्र त्या साऱ्या घरी गॅस आहे अशीच नोंद. आणि कुमारप्पांच्या भाषेत सांगावयाचे तर हा साठ्यातला गॅस, ओघातला नव्हे.

म्हणून त्या हळदीकुंकवानंतर मी टाकीवरचे रान काढले. गुरे दोनच, पण शेजारी जाऊबाईंकडे तीन. आम्ही भागीत ठरविले, शेण दोघींचे, गॅस दोन्ही घरी, खत वाटून. कुडाळकडे झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानाने हजारो टाक्या बांधल्या आहेत, त्यामुळे या भागात जाणते गवंडी मिळतात हे आमचे भाग्य. गवंड्याने टाकी उघडी टाकून, वारा खेळू देऊन, मग साफ केली, घुमटाला भेगा होत्या त्या बुजविल्या. टाकी गळता कामा नये, याला आणखी एक कारण आहे. न जळता निसटलेला मिथेन हवेला कार्बनच्या वायूपेक्षा शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे २८ पट अधिक तापवितो. गळकी टाकी चुलीपेक्षा बरी असे कोणी समजू नये.

प्रथम भरावयास दोन टनांच्या आसपास शेण लागले. वाडीतल्या सातआठ जणींनी पाट्या आणून दिल्या. पलीकडल्या वाडीत एक चालू टाकी आहे, तेथून चार घमेली पातळ शेण आणून विरजणासारखे घातले. पहिले आठ-दहा दिवस जो वायू आला तो जळेना. घाबरू नका, पहिल्याने हवा व कार्बनचाच वायू येतो, तो सोडून द्यावा लागतो. अठराव्या दिवशी ज्योत धरली. सासूबाईंना उचलून आणल्यासारखे करून शेगडीपाशी बसविले. त्यांनी पेज टाकली, आणि ती होईपर्यंत तेथेच बसून राहिल्या. फुंकणी मात्र त्यांनी हातात धरलीच होती.

आज आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ मिळून तीन तास गॅस चालतो. भात, आमटी, चहा होतो. भाकऱ्या पुष्कळ असल्या तर पुरत नाही, त्या दिवशी सिलिंडर. आंघोळीचे पाणी अजून परड्यातल्या चुलीवर सोडणे जाळूनच तापते, ती चूल आता उघड्यावर आहे. सिलिंडर पूर्वी दीड महिना जाई, आता पाच महिने जातो. सासूबाईंची छाती सुधारेल असे डॉक्टर म्हणत नाहीत, जेथे आहे तेथे थांबली तरी पुष्कळ, असे म्हणतात. संडासाचा विषय मी अद्याप काढलेला नाही.

मंडळातल्या ज्या भगिनींच्या परड्यात जुनी बंद टाकी असेल त्यांनी एकदा येऊन आमची पाहून जावी, मी व जाऊबाई दुपारी तीननंतर घरी असतो. मात्र आपली टाकी उघडावयाची झाल्यास जाणत्या गवंड्यालाच बोलवावे, कोणीही, मुलांनी तर मुळीच, आत डोकावून काडी ओढू नये व आत उतरू नये. आत उरलेल्या वायूने माणूस हाक न मारता पडतो.